दस्तगीर मिस्त्रींचं पाणी

दस्तगीर मिस्त्रींवर जो अन्याय झाला त्यात माझाही हात होता. हात म्हणजे अक्षरशः हा उजवा हात. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, हा गृहस्थ दुसऱ्यांवर दातओठ खातोय आणि स्वतः मात्र नामानिराळा राहतोय.

सत्तरच्या दशकातली पहिली वर्षं. मी शाहूपुरीत एका डॉक्टरांकडे कंपौंडर होतो. डॉक्टरांचं नाव लिहीत नाही. हाताला गुण होता, गर्दी होती. बाहेर पेशंटांना बसायला लांबट खोली आणि दोन्ही भिंतींना बाकडी. एकदा डॉक्टर मुंबईला मित्राकडे गेले आणि तिथल्या दवाखान्यात माशांची काचपेटी पाहून आले. आल्या आल्या मला म्हणाले, "आपल्याकडेही पाहिजे. पेशंटचं मन रमतं." पेटी करायची तर काचवाला हवा, म्हणून मी लक्ष्मीपुरीतून दस्तगीर शिकलगार यांना घेऊन आलो. त्यांना सगळे मिस्त्री म्हणायचे.

तेव्हा ते पन्नाशीच्या आसपास असतील. उंच, पाठीत किंचित वाकलेले, अंगात खाकी शर्ट, खिशात काच कापायची हिरकणी. दहाही बोटांवर जुन्या कापांच्या पांढऱ्या रेघा. खिडक्यांची तावदानं, तसबिरींच्या चौकटी, दुकानांची शोकेस हा त्यांचा धंदा. मासा त्यांनी तोवर फक्त ताटात पाहिला असावा.

त्यांच्या रागाची रीत निराळी होती. माणसानं तोंडावर शिवी दिली तर ते हसायचे. पण कुणी काचेचं पान उभं ठेवायचं ते आडवं टाकलं, की कपाळाची शीर तटतटायची. वस्तूला तिच्या मनाविरुद्ध वागवलेलं त्यांना सोसायचं नाही. आता इतक्या वर्षांनी वाटतं, जगात रागावण्यासारखं खरं कारण तेवढंच असावं.

उद्यमनगरातून त्यांनी लोखंडी अँगलची चौकट वेल्डिंग करून आणली आणि जवसाच्या तेलात मळलेल्या लांबीनं, म्हणजे पुटीनं, तिच्यात काचा बसवल्या. पाणी भरलं तर एका कोपऱ्यातून थेंब थेंब गळायला लागलं. मिस्त्रींनी पेटी रिकामी केली, काच काढली, पुन्हा बसवली. पुन्हा थेंब. डॉक्टर म्हणाले, "राहू दे हो, खाली फडकं ठेवू."

"डाक्टर, तुमी टाकं घातल्यावर रगत गळाय लागलं तर फडकं ठिवून घरला जाताय काय?"

तिसऱ्या खेपेला थेंब थांबला. मिस्त्री कोपऱ्याला बोट लावून कितीतरी वेळ बसून राहिले, मग पिशवी उचलून गेले.

पुढची सजावट डॉक्टरांनी केली. खाली संगमरवराची पांढरीशुभ्र खडी, वर प्लॅस्टिकची लाल झाडं, मधोमध बुडबुडे सोडणारा प्लॅस्टरचा पाणबुड्या आणि निळा दिवा. मुंबईहून प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून बारा एंजल मासे आले. चपटे, चंद्रकोरीसारखे, अंगावर काळे पट्टे. डॉक्टरांनी पिशव्या कापून ते थेट नळाच्या पाण्यात सोडले. आठ दिवसांत सात मेले. रोज सकाळी एखाददुसरा चमच्यानं काढून मी मागच्या गटारात टाकायचो. डॉक्टर म्हणायचे, "नाजूक जात."

नवव्या दिवशी मिस्त्री ड्रेसिंगच्या खोलीतलं फुटकं तावदान बदलायला आले आणि पेटीपाशी थबकले. उरलेले पाच मासे कोपऱ्यात, वरच्या बाजूला, तोंडं वासून लटकले होते.

"ह्ये कुनी केलं?"

मी झालेलं सांगितलं. त्यांनी पाण्यात बोट बुडवून वास घेतला. "नळाचं! औषिद मारल्यालं! अवो, जित्ता जीव हाय ह्यो, कागदाचं फूल न्हवं. बोलाय येत न्हाय म्हनून काय बी करायचं व्हय?"

त्या दिवसापासून ते रोज सकाळी दुकान उघडण्याआधी दवाखान्यात यायला लागले. कुणी बोलावलं नव्हतं. डॉक्टरांनी "येऊ दे" म्हटलं, फुकटात सोय झाली म्हणून. मिस्त्री आले की आधी स्टूल ओढून पेटीपुढं बसायचे. पंधरा मिनिटं नुसती नजर. पाण्यात हात घालायचा तो त्यानंतर. मला घाई व्हायची, तर म्हणायचे, "तुमी बी नाडी बघूनच औषिद देताय न्हवं? मग?"

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांच्या घराच्या खिडक्या त्यांनी केल्या होत्या. त्यांच्याकडून ते एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आले. दुपारी पेशंट नसले की मी डिक्शनरी घेऊन वाचायचो, ते ऐकायचे. एंजल ज्या कुळातले, त्या कुळाचं नाव पुस्तकात होतं सिक्लिड. मिस्त्रींनी ते दोनदा म्हणून पाहिलं आणि मांडीवर थाप मारली. "शिकलिड! म्हंजे आमचंच की! शिकलगार!" त्यानंतर ते माशांना भावकी म्हणायला लागले. या कुळातले मासे जागेवरून भांडतात, जमीन उकरतात, आणि आईबाप दोघं मिळून पिलं राखतात, असं पुस्तकात होतं. शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

मग त्यांनी पेटी पहिल्यापासून लावायला घेतली. संगमरवराची खडी पाणी जड करते असं सर म्हणाले होते. मिस्त्रींना पटेना. मी कपाटातलं ॲसिड दिलं. खडीवर थेंब पडताच ती फसफसली. "इखाच्या गादीवर निजवल्यात की वो लेकरास्नी," म्हणत त्यांनी सगळी खडी अंगणात ओतली. पंचगंगेची वाळू आणून ती पाणी नितळ निघेपर्यंत धुतली. कळंब्याच्या तलावातून रिबिनीसारखं लांब पानांचं पाणगवत आणलं. ते वाळूत टिकेना, मासे मुळाशी टोचे मारायचे आणि झाड तरंगत वर यायचं. मिस्त्रींनी कुंभाराकडून मातीच्या लहान कुंड्या आणल्या, त्यांत झाडं लावली, बुंध्याभोवती गोटे दाबले आणि कुंड्या वाळूत पुरल्या. मग पाणी हिरवं व्हायला लागलं. पेटी खिडकीसमोर होती, ऊन जास्त होत होतं. ती आतल्या भिंतीला सरकवली, तर पानं पिवळी पडायला लागली. तेव्हा त्यांनी पत्र्याचं झाकण करून त्यात दोन बल्ब बसवले आणि किती तास लावायचे ते एकेका आठवड्यानं कमीजास्त करत राहिले. झाडांबरोबर आलेल्या गोगलगाई कोबीचं पान बुडवून त्यावर गोळा करून काढल्या. एक अडचण मिटली की दुसरी उभी राहायची, आणि दर वेळी त्यांची चूक निघाली की ते स्वतःवरच खवळायचे. "दस्तगिऱ्या, गाढवा," असं पेटीपुढं बसून मोठ्यानं म्हणायचे.

पाणी रांजणात दोन दिवस निवळल्याशिवाय पेटीत जायचं नाही. त्यात देशी बदामाची वाळकी पानं उकळून घातलेली असायची. पाणी फिक्या चहासारखं झालं आणि मासे त्या रंगात असे खुलले की पट्ट्यांची शाई ओली वाटावी. डॉक्टर मात्र वैतागले. "मिस्त्री, पाणी घाण दिसतंय. लोक काय म्हणतील?"

"च्या पिताय न्हवं? मग त्यो बी घाण म्हना की! डाक्टर, पानी पिकाय लागतंय. कच्च्या पान्यात काय बी जगत न्हाय."

पाणबुड्या कधी गेला ते कुणाला कळलं नाही. मला माहीत होतं. मिस्त्रींनी तो दवाखान्यामागच्या उकिरड्यावर नेऊन हातोडीनं फोडला होता.

वर्षभरात त्या पेटीनं दवाखान्याची कळाच बदलली. पेशंट बाकड्यांवरून उठून तिच्यापुढं उभे राहायचे. मलकापूरकडून दम्यासाठी येणारी एक म्हातारी नंबर लागला तरी उठायची नाही. "जाऊ द्या त्यास्नी म्होरं, मला हितंच बरं वाटायलंय," म्हणायची. तिला मिस्त्री स्वतःचं स्टूल द्यायचे. पण कोडोलीचे एक बडे बागायतदार आले आणि बोटातल्या जाड अंगठीनं काचेवर टकटक करायला लागले, तेव्हा मिस्त्रींनी त्यांचं मनगटच धरलं.

"पावणं, तुमच्या कानाशी कुनी परात बडीवली तर?"

"मी कोन हाय ठावं हाय का तुला?"

"मला कळंल वो. माशास्नी कसं कळायचं?"

सगळी खोली हसली. डॉक्टर बाहेर आले, बागायतदारांची माफी मागितली आणि सगळ्यांसमोर मिस्त्रींना म्हणाले, "तुम्ही तुमच्या पायरीनं राहा." मिस्त्रींनी पेटीची काच तेवढी पुसली. मला आजही तो शब्द आठवला की मस्तक फिरतं. पायरी! ज्या पेटीच्या जोरावर डॉक्टर पाहुण्यांपुढं मिरवत होते, तिच्यातला पाण्याचा थेंबन्‌थेंब या माणसानं आणला होता.

उरलेल्या पाचांत एक जोडी जमली होती. मिस्त्रींनी दुधी काचेची एक पट्टी कापली, तिच्या कडा घासून बोथट केल्या आणि झाडांच्या आडोशाला तिरकी उभी केली. जोडीनं आठवडाभर ती पट्टी तोंडानं घासूनपुसून साफ केली आणि तिच्यावर मोहरीहून बारीक अंड्यांच्या रांगा लावल्या. दोन्ही मासे आळीपाळीनं पंखांनी वारा घालत उभे. दोन वेळा पेशंटांच्या गलक्यानं बिथरून त्यांनीच अंडी खाऊन टाकली. तिसऱ्या वेळी मिस्त्रींनी पेटीला पुढून तपकिरी कागद लावला आणि दारात उभे राहून आलेल्या प्रत्येकाला सांगितलं, "हळू बोला, बाळंतीन हाय." लोक खरंच कुजबुजत बोलले. कागदाला एक बारीक भोक होतं. पिलं पोहायला लागली त्या सकाळी त्यांनी मला त्या भोकातून बघायला लावलं. पाण्यात नुसती धूळ हालत होती, आणि दोन चांद तिच्या दोन बाजूंना. मागं वळलो तर मिस्त्री शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होते. मी बघितलेलं त्यांना आवडलं नाही. "काय बघायलायसा? अंड्याचा बलक आना जा, गाळून."

त्याच हिवाळ्यात शहरात छंदांचं मोठं प्रदर्शन भरलं आणि डॉक्टरांनी पेटी तिथं मांडायचं ठरवलं. न्यायची कशी, या काळजीनं मिस्त्री चार दिवस जेवले नाहीत. पाणी घागरींत, मासे दुधाच्या किटल्यांत, झाडं ओल्या गोणपाटात. हातगाडीबरोबर ते स्वतः चालत गेले, खड्डा दिसला की गाडी उचलून धरत. पेटी पुन्हा लावून पाणी निवळेपर्यंत त्यांनी मंडपातून पाय काढला नाही.

आदल्या दिवशी डॉक्टरांनी मला एक कार्ड लिहायला दिलं होतं. माझं अक्षर वळणदार, औषधाच्या चिठ्ठ्या लिहून हात बसलेला. त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं: संकल्पना, रचना आणि संवर्धन, आणि त्याखाली डॉक्टरांचं नाव, पदवीसकट. लिहिताना टाक क्षणभर थांबला होता. फक्त क्षणभर. "डॉक्टर, मिस्त्रींचं नाव?" एवढे तीन शब्द होते, आणि ते माझ्या तोंडून निघाले नाहीत.

उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी पेटीपुढं थांबून विचारलं, "हे जमवलंत कसं?" डॉक्टर हसून म्हणाले, "पाणी पिकावं लागतं, साहेब. कच्च्या पाण्यात काहीच जगत नाही." मी शेजारी उभा होतो. मिस्त्री मागं, हातात बादली. फोटो काढायच्या वेळी बिल्ला लावलेला एक जण म्हणाला, "ओ, बादलीवाले, जरा बाजूला व्हा." ते बाजूला झाले. पहिलं बक्षीस मिळालं. टाळ्या झाल्या. गर्दी पांगल्यावर मिस्त्री कार्डापुढं येऊन उभे राहिले. चौथीपर्यंत शिकलेले, अक्षर अक्षर लावून वाचायचे. त्यांनी पूर्ण वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अक्षर झ्याक हाय की तुमचं, कंपौंडर."

त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी त्या विसरलो असतो.

तरी दुसऱ्या दिवसापासून ते पूर्वीसारखेच येत राहिले. पिलं वाढत होती, झाडांना फुटवे येत होते, आणि मिस्त्रींचं भांडण माशांशी-झाडांशी नव्हतं. पण डॉक्टरांना आता बक्षिसाची चटक लागली होती. "छोटे मासे कुणाकडेही असतात," म्हणत त्यांनी मुंबईहून दोन ऑस्कर मागवले. वीतभर लांब, दांडगे, काळपट अंगावर नारिंगी डाग. तेही त्याच कुळातले. मिस्त्री पिशवीत बघूनच म्हणाले, "ह्येंचं तोंड बघा, डाक्टर. ह्ये बी भावकीच हाय, पर ह्या घरात नगं. येगळी पेटी करतो, आठ दिस द्या."

"तुम्ही काच बघा. माशांचं मी बघतो."

मिस्त्री दुकानात गेल्यावर डॉक्टरांनी ऑस्कर पेटीत सोडले. तीन दिवसांत एक पिलू राहिलं नाही. कुंड्या उपटल्या गेल्या, झाडं वर तरंगायला लागली, वाळूचे ढीग झाले. त्याच वेळी मिस्त्रींना ताप होता, म्हणून ते आले नव्हते. येणाऱ्या पेशंटांना डॉक्टर सांगत होते, "त्या मिस्त्रीनं पाण्यात काहीतरी पाला उकळून घातला. अडाणी माणसाच्या हाती दिलं की असंच होतं." सगळ्यांना, हसत हसत. मी औषध द्यायच्या खिडकीच्या आड बसून बाटल्यांवर डोसाच्या पट्ट्या चिकटवत होतो. डॉक्टरांना ऑस्कर पेटीत सोडताना मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मला बायकोमुलं होती, नोकरी जायची भीती होती, वगैरे. ही कारणं तेव्हा फार मोठी वाटली.

चौथ्या दिवशी मिस्त्री आले. अंगावर चादर, चेहरा उतरलेला. खोली पेशंटांनी भरलेली. ते स्टुलावर बसले नाहीत. पेटीकडे बघत राहिले. कुणीतरी बोललं, "मिस्त्री, काय घातलासा वो पान्यात?" त्यांनी विचारलं, कोण म्हणतंय. त्या माणसानं आतल्या दाराकडे मान केली. तेवढ्यात डॉक्टरच बाहेर आले.

"डाक्टर, मी घातलं?"

"मिस्त्री, इथं तमाशा नको. नंतर बोलू."

"नंतर न्हाय. ह्या समद्यांला आत्ता सांगिटलासा न्हवं? मग आत्ताच. माजं नाव तुमी पुसलासा, मी काय बोललो? एक सबूद तरी बोललो? नाव घ्या, फोटू घ्या, बक्षीस घ्या. पर तुमच्या हातनं मेल्यालं माज्या नावावर घालताय? त्या लेकरांचं आईबाप बघा की त्या कोपऱ्यात! दोगंबी अजून तिथंच हाईत. पट्टीपुढनं हटलं न्हाईत." त्यांचा आवाज फाटला. "जनावराला कळतंय वो."

मग मिस्त्रींनी खालच्या आवाजात म्हटलं, "ती जोडी तरी न्हेऊ द्या."

"मासे माझे आहेत," डॉक्टर म्हणाले.

"व्हय. मासं तुमचं."

त्यांनी बाही वर केली, पेटीत खांद्यापर्यंत हात घातला, दुधी काचेची ती पट्टी बाहेर काढली, चादरीला पुसली आणि काखेत धरून निघून गेले. जाताना त्यांची नजर औषधाच्या खिडकीवरून गेली. मी मान खाली घातली.

महिनाभरात पेटी रिकामी झाली. डॉक्टरांनी तिच्यात जुनी मासिकं ठेवली. वर्षभरानं मी ती नोकरी सोडली आणि एका औषधाच्या दुकानात लागलो. लक्ष्मीपुरीतल्या त्या गल्लीवरून जायचं मी पुष्कळ दिवस टाळलं. एकदा धीर करून गेलो तर दुकानात त्यांचा थोरला मुलगा होता. "अब्बा पंढरपूरला गेल्यात, भनीकडं," म्हणाला. मी निरोपही ठेवला नाही. काय ठेवणार होतो?

मिस्त्रींना शेवटचं पाहिलं ते रंकाळा तलावावर. दहा-बारा वर्षं उलटली होती. संध्याकाळची वेळ, लोक फिरायला आलेले, भेळेच्या गाड्या लागलेल्या. काठावर गलका ऐकू आला म्हणून गेलो. एका टेम्पोवाल्यानं टेम्पो पार पाण्यात उतरवला होता आणि धुण्याच्या पावडरीचा फेस करून तो घासत होता. त्याच्यापुढं गुडघाभर पाण्यात, पायजमा भिजलेला, एक म्हातारा उभा होता. पाठ आणखी वाकली होती, पण आवाज तोच.

"भाईर काड म्हनतो न्हवं! मासं हाईत खाली!"

"तुझ्या बापाचं तळं हाय व्हय रं म्हाताऱ्या?"

"व्हय, बापाचंच हाय! तुझ्याबी बापाचं हाय!"

काठावरचे लोक हसत होते. मिस्त्रींची नजर त्या लोकांवरून फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. ओळखलं की नाही, आधी कळलं नाही. मग म्हणाले, "कंपौंडर, तुमी तरी सांगा की ह्येला."

मी सांगितलं. काय सांगितलं ते आठवत नाही. माझा आवाज इतका चढला की भेळवाले वळून बघायला लागले. टेम्पोवाला आम्हा दोघांना वेडे म्हणाला, थुंकला आणि बऱ्याच वेळानं इंजीन चालू करून निघून गेला. मला मिस्त्रींशी बोलायचं होतं. पुष्कळ बोलायचं होतं. पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. साबणाचा पांढरा फेस हळूहळू काठाच्या पाणगवताकडे सरकत होता, आणि ते वाकून, दोन्ही हातांनी, तो उलट्या दिशेला लोटत होते.